लपविलेलें बटन



गेल्या वर्षीच्या विज्ञान-प्रदर्शनांत एक लहानसा प्रकार घडला. बाहेरच्या कोणास तो कळला नाहीं; ज्या दोघांस कळला त्यांपैकीं एक मी होतों. पुढें जें मत मी मांडणार आहें तें त्या प्रकारांतूनच निघालेलें असल्यामुळें, तो आधीं सांगणें मला भाग आहे.

इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें तीन महिने खपून एक यंत्र तयार केलें होतें. कुंडींत वांग्याचें रोप. मातींत रोंवलेला, ओल मोजणारा सेन्सर. शेजारीं पाण्याच्या डब्यांत सोडलेला लहान पंप. आणि या सर्वांवर देखरेख करणारी, तळहातावर मावेल एवढी एक निळी पाटी. ही पाटी म्हणजे आर्डुइनो ऊनो नांवाचा लहानसा संगणक. माती कोरडी झाली कीं पंप सुरू व्हावा, पुरेशी भिजली कीं थांबावा, आणि मनुष्यास वाटेल तेव्हां बटन दाबून हातानेंहि पाणी देतां यावें, एवढीच योजना होती.

माती कोरडी केव्हां म्हणावी, हें ठरविण्यासाठीं तो आपल्या आजोबांकडे गेला. आजोबांचा सारा जन्म शेतांत दारें धरण्यांत गेलेला. ते कुंडींतील माती मुठींत दाबून पाहत आणि "अजून ओल आहे," "आतां वाफसा आला," "आतां पाणी पाहिजे," असें सांगत. नातू त्याच क्षणीं जोडलेल्या लॅपटॉपवरचा आंकडा वहींत टिपून घेई. अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्यावर त्यानें आपल्या यंत्राच्या सीमा ठरविल्या. शाळेंतील कोणत्याहि प्रकल्पांत याहून चांगली रीत मीं पाहिलेली नव्हती.

प्रदर्शनाच्या सकाळीं पंप सुरू झाला तो थांबेना. कुंडी भरली, पाणी टेबलावर आलें, शेजारच्या तक्त्यांचे रंग ओघळले. पाहुणे येण्यास अर्धा तास उरला होता. मुलगा तारा तपासूं लागला. मीं घड्याळ पाहिलें आणि त्यास म्हणालों, "सेन्सरचें राहूं दे. बटन टेबलाखालीं घे. पाहुणे आले कीं हळूच दाब. कोणाला कळणार नाहीं." त्यानें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि सांगितलें तसें केलें. पाहुण्यांनीं टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या क्रमांकाचें प्रशस्तिपत्र मिळालें. सायंकाळीं सामान आवरतांना तो एवढेंच म्हणाला, "सर, आजोबांना काय सांगूं?"

त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. तें आतां देत आहें.

प्रथम, असले लहान संगणक कोणत्या हेतूनें निर्माण झाले तें पाहूं. आर्डुइनोची पाटी इटलींतील इव्रेआ या गांवीं २००५ सालीं मास्सिमो बांझी व त्यांचे सहकारी यांनीं तयार केली. ती अभियंत्यांसाठीं नव्हती; तेथील संस्थेंत रचनाकला शिकणाऱ्या, विद्युत्शास्त्राची फारशी ओळख नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीं होती. इंग्लंडांत केंब्रिज येथें एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांस असें आढळलें कीं, संगणकशास्त्र शिकण्यास येणाऱ्या मुलांस पूर्वीच्या पिढीप्रमाणें स्वतः आज्ञावली लिहिण्याची संवय राहिलेली नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत घरोघरीं आलेल्या साध्या संगणकांनीं ती संवय लाविली होती. पुढें यंत्रें सुधारलीं आणि मुलें केवळ वापरणारीं झालीं. या काळजींतून रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक निघाला व २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं विक्रीस आला. २०१६ सालीं ब्रिटनमध्यें मायक्रोबिट नांवाची, दोन बटनें असलेली चिमुकली पाटी सुमारें दहा लक्ष शाळकरी मुलांस विनामूल्य वांटण्यांत आली. त्याच वर्षीं आपल्या देशांत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीं अटल टिंकरिंग लॅबची योजना सुरू झाली. या सर्व प्रयत्नांच्या मुळाशीं एकच विचार दिसतो: वस्तु इतकी स्वस्त व साधी असावी कीं, ती हाताळतांना, जोडतांना, प्रसंगीं बिघडवितांना मुलास भीति वाटूं नये. मुलानें निर्भयपणें चुकावें म्हणून जें साधन निर्माण झालें, त्याचाच उपयोग मीं चूक झांकण्याकडे केला.

आतां ही पाटी काय शिकविते तें सांगतों. ऊनोच्या कडांना तारा खोंचण्याच्या जागा असतात. त्यांपैकीं चौदा जागा "होय" कीं "नाहीं" एवढेंच ओळखतात वा सांगतात; आणखी सहा जागा विजेचा दाब किती आहे तें मोजतात. लॅपटॉपवर लिहिलेली आज्ञावली एकदां पाटींत उतरविली म्हणजे, वीज मिळत आहे तोंपर्यंत, पाटी ती पुनःपुन्हां पाळीत राहते. तिच्यावर खेळ नाहींत, चित्रें नाहींत, कोणाचे निरोप येत नाहींत. ती फक्त सांगितलेलें करिते. आणि सांगितलेलें व मनांत असलेलें यांत किती अंतर असतें, हें मुलास प्रथम तिच्याकडूनच कळतें.

बटनाचेंच उदाहरण घेऊं. बटन जोडणें सर्वांत सोपें, असें प्रत्येकास वाटतें. परंतु तें दाबलेलें नसतांना त्याची तार अधांतरीं राहते. आसपासच्या विजेच्या तारांचा, इतकेंच नव्हे तर जवळ आणलेल्या हाताचा परिणाम तिच्यावर होतो, आणि पाटी कधीं "दाबलें" म्हणते, कधीं "नाहीं" म्हणते. मुलें म्हणतात, "सर, पाटी खराब आहे." पाटी खराब नसते. दाबल्यावर काय समजावें तें आपण तिला सांगितलेलें असतें. न दाबल्यावर काय समजावें तें सांगावयाचें राहिलेलें असतें. त्यासाठीं तारेस एक रोधक जोडून तिला निश्चित जागीं बांधून ठेवावें लागतें. ऊनोंत असा रोधक आंतच असतो. तो एका आज्ञेनें कामास लावितां येतो. मात्र मग बटन दाबलें असतां पाटी शून्य वाचते व सोडलें असतां एक वाचते, आणि मुलास आपला सारा हिशेब उलटा मांडावा लागतो.

पुढची अडचण याहून मौजेची आहे. एकदां बटन दाबलें असतां पाटी तें तीन-चार वेळां दाबल्याचें मोजते. कारण, बटनांतील धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटतांच स्थिर होत नाहींत. सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत ते अनेकदां उडतात व पुन्हां टेंकतात. आपल्या बोटास हें जाणवत नाहीं. पण सेकंदास एक कोटि साठ लक्ष ठोके घेणाऱ्या पाटीस जाणवतें. उपाय सोपा आहे. पहिला स्पर्श कळतांच वीस ते पन्नास सहस्रांश सेकंद थांबावें, पुन्हां पाहावें, आणि मगच खरें मानावें. वर्गांत ही गोष्ट मी प्रथम सांगत नाहीं. मुलास अर्धा तास पाटीला दोष देऊं देतों. मग त्याचें त्यासच उमगतें कीं, पाटीनें जें घडलें तेंच मोजलें होतें.

सेन्सरकडून तर याहून मोठा धडा मिळतो. सेन्सर "कोरडें" किंवा "ओलें" असें कांहीं म्हणत नाहीं. शून्यापासून पांच व्होल्टपर्यंतच्या दाबाचे पाटी १०२४ भाग पाडते आणि ० पासून १०२३ पर्यंतचा एक आंकडा आपल्या हातीं देते. आमच्या यंत्रांत माती जितकी कोरडी तितका आंकडा मोठा. त्या आंकड्यांपैकीं कोणत्या आंकड्यास तहान म्हणावयाचें, हें यंत्रास ठाऊक नसतें, पाटी विकणाऱ्या दुकानदारास नसतें, आणि मलाहि नव्हतें. तें आजोबांच्या मुठीला ठाऊक होतें. शिवाय एकच सीमा ठेवून चालत नाहीं. आंकडा त्या सीमेच्या आगेंमागें हालूं लागला कीं पंप क्षणांत चालू, क्षणांत बंद होतो. म्हणून मुलानें दोन सीमा ठेविल्या: ६५० च्या वर गेल्यास पाणी सुरू करावें, ५०० च्या खालीं आल्यास थांबवावें. मधल्या पट्ट्यांत यंत्रानें होतें तसेंच राहावें. आजोबा ज्याला वाफसा म्हणत, तो याच मधल्या पट्ट्यांत होता.

मग प्रदर्शनाच्या दिवशीं बिघडलें काय? त्यानंतरच्या आठवड्यांत आम्ही दोघे शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेंत बसलों. मातींतून सेन्सर उपटून पाहिला, तों त्याच्या एका पायावरचा धातु जवळजवळ खाऊन गेलेला होता. ओल्या मातींत धातूंतून अखंड वीज वाहत ठेविली तर तो झिजतो, हें रसायनशास्त्राच्या तासाला मीच शिकविलें होतें. धातु झिजला, मातींतून जाणारी वीज कमी झाली, आणि भिजलेली माती यंत्रास कोरडी भासूं लागली. मग मुलानें वही उघडली. प्रदर्शनाच्या आधीच्या पंधरा दिवसांत, पाणी दिल्यानंतरचा आंकडा दररोज थोडथोडा वाढत गेलेला तींत स्पष्ट दिसत होता. सेन्सर आपलें दुखणें रोज सांगत होता, मुलगा तें इमानानें लिहून ठेवीत होता, आणि वही दर शनिवारीं तपासणारा मी केवळ सही करीत होतों.

चुकीच्या आंकड्यावर विश्वास ठेवल्यानें आमचें टेबल भिजलें. मोठ्या यंत्रांत याच चुकीची किंमत फार मोठी असते. बोइंग ७३७ मॅक्स जातीचीं दोन विमानें, एक २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं इंडोनेशियाच्या समुद्रांत व दुसरें १० मार्च २०१९ रोजीं इथिओपियांत, कोसळलीं आणि ३४६ माणसें प्राणांस मुकलीं. त्या विमानांत, नाक फार वर गेल्याचें दिसतांच तें आपोआप खालीं आणणारी एक व्यवस्था होती. आणि ती एका वेळीं एकाच सेन्सरच्या सांगण्यावर चालत असे. दोन्ही वेळां त्या सेन्सरनें चुकीचा आंकडा दिला. त्या अपघातांस इतरहि कारणें होतीं, परंतु "सेन्सर चुकला तर काय?" हा प्रश्न जेथें विचारावयास पाहिजे होता तेथें पुरेसा विचारला गेला नाहीं, हें पुढील चौकशींत उघड झालें. तीं यंत्रें रचणारेहि एके काळीं शाळेंतच बसले होते. आज आपल्या वर्गांत बसलेल्यांपैकीं कोणी उद्यां दवाखान्यांतील, कारखान्यांतील वा रेल्वेंतील यंत्रांस आज्ञा देईल. त्याच्या हातास आज आपण कोणतें वळण लावितों, हा प्रश्न म्हणूनच लहान नाहीं.

माझें मत असें आहे कीं, आपल्या शाळांतून बटन, सेन्सर आणि असल्या पाट्या अवश्य याव्या. पण त्या यंत्र चालल्याचें प्रदर्शन करण्यासाठीं नव्हे, तर तें कां चाललें नाहीं याचा शोध घेण्यासाठीं याव्या. हा शोध जेथें होत नाहीं, तेथें दहा हजारांचा संच आणला काय आणि न आणला काय, सारखेंच.

यावर पालकांकडून कांहीं प्रश्न येतात. पहिला प्रश्न, परीक्षेंत याला गुण किती? थोडेच, हें कबूल करावयास पाहिजे. परंतु आपलें उत्तर चुकलें असतां कारण बाहेर न शोधतां आधीं आपल्या मांडणींत शोधावें, ही संवय ज्यास लागली, त्यास गणितांतहि ती सोडीत नाहीं. दुसरा प्रश्न, मूल आधींच पडद्यासमोर फार बसतें, त्यांत ही आणखी भर कशाला? या कामांत पडद्याचा वांटा थोडा असतो. माती, तारा, पाणी आणि आजोबा यांचा मोठा. तिसरा प्रश्न खर्चाचा. तो खरा आहे, आणि म्हणूनच प्रत्येक मुलानें संच विकत घ्यावा असें मी कधींहि म्हणणार नाहीं. शाळेनें थोड्या पाट्या ठेवाव्या व दोघां-तिघांनीं मिळून एक वापरावी. दोघे असले म्हणजे चूक कोणाची यावर वाद होतो, आणि त्या वादांत दोघेहि शिकतात.

चौथा प्रश्न नवीन आहे. आतां कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलें असतां ती अशी आज्ञावली क्षणांत लिहून देते. मग मुलानें कष्ट कां घ्यावे? ती लिहून देते हें खरें, आणि पुष्कळदां बरोबर लिहून देते. मीं स्वतः तसें करून पाहिलें. तिनें दिलेल्या आज्ञावलींत मातीची सीमा म्हणून एक आंकडा सरळ लिहिलेला होता. तो आमच्या कुंडीचा नव्हता, आमच्या मातीचा नव्हता, आणि झिजलेल्या सेन्सरची तर तीस वार्ताहि नव्हती. ओळी कोणींहि लिहिल्या तरी कुंडींत बोट घालून त्या खऱ्या कीं खोट्या हें पाहावयास मनुष्यच लागतो. ज्यानें स्वतः कधीं एकहि ओळ लिहून फसवणूक करून घेतली नाहीं, त्यास बोट कोठें घालावें हेंच कळणार नाहीं.

आतां शिक्षकांविषयीं, म्हणजे माझ्याविषयीं. मुलें आपण होऊन बटन लपवीत नाहींत. प्रदर्शनांत यंत्र चाललेंच पाहिजे, असें आम्ही ठरवितों, म्हणून तीं लपवितात. परीक्षक दोन मिनिटें उभे राहतात, दिवा लागला कीं गुण देतात, पुढें जातात. ही पद्धत बदलावी, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक प्रकल्पाबरोबर चुकांची एक वही असावी आणि निम्मे गुण तिला असावे. परीक्षकांनीं पहिला प्रश्न "हें काय करितें?" असा न विचारतां "हें कोठें अडलें होतें?" असा विचारावा. एखादें यंत्र ऐन वेळीं बंद पडलें तर "हें सध्यां चालत नाहीं, कारण शोधीत आहों," अशी पाटी त्यावर लावण्यास मुलास लाज वाटूं नये, आणि शिक्षकासहि वाटूं नये. पालकांस एवढीच विनंति कीं, मूल घरीं आल्यावर "बक्षीस मिळालें का?" याच्या आधीं "कशानें अडलें होतें?" हें विचारावें.

राहिलेली हकीकत सांगून लेख संपवितों. मुलाची संमति घेऊन मीं मुख्याध्यापकांस सर्व प्रकार लिहून कळविला आणि प्रशस्तिपत्र परत केलें. दोष सल्ला देणाऱ्याचा आहे, मुलाचा नाहीं, असें त्यांनीं म्हटलें व तें योग्यच होतें. त्यानंतर एका रविवारीं मी आजोबांस भेटावयास गेलों. मीं सांगितलेलें त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग झिजलेला सेन्सर मागून घेतला, अंगठ्यानें पुसून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, नांगराचा फाळसुद्धां आम्ही मातींत ठेवून देत न्हाई. काम झालं की काढून, पुसून ठेवतो." मुलानें पुढें केलें तें हेंच. आतां त्याच्या यंत्रांतील सेन्सरला वीज अखंड मिळत नाहीं. तासातासाला, मोजण्यापुरती, क्षणभर मिळते. धातूचा मातीशीं स्पर्शच होऊं न देणारा दुसऱ्या जातीचा सेन्सरहि त्यानें शेजारीं लाविला आहे, आणि दोघांचें जुळेना तर पंप चालत नाहीं, तांबडा दिवा लागतो. आंकडा कांहींहि असो, एका वेळीं पांच सेकंदांहून अधिक पाणी सोडावयाचें नाहीं, अशीहि आज्ञा त्यानें घातली आहे.

येत्या प्रदर्शनांत तें यंत्र पुन्हां मांडलें जाईल. चालेल कीं नाहीं, मी सांगूं शकत नाहीं. शेजारीं वही उघडी ठेविलेली असेल, आणि बटन या खेपेस टेबलावर, सर्वांस दिसेल अशा जागीं असेल. त्याच्याखालीं मुलानें स्वच्छ अक्षरांत लिहिलें आहे: "हातानें पाणी देण्यासाठीं."